मे महिन्यात कोण तपासणार?

पाऊस संपला की रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास दिसते: अमुक गावात कृषिदूतांनी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावात आलेल्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी, श्रमदानातून वनराई बंधारा बांधला. फोटोत चिखलाने माखलेली मुलं, कृषिकन्या, सरपंच आणि पऱ्यात रचलेल्या गोण्या. ही बातमी मी दरवर्षी आनंदाने वाचतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, सुतळीने तोंडं शिवायची, सांधे चुकवून थर लावायचे, फटी चिखलाने लिंपायच्या. खर्च जवळजवळ नाहीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा आणखी पक्का: जागेवरचेच दगड आणि आत प्लास्टिकचा कागद. विशीतल्या मुलांना गावाच्या पाण्याचा विचार करायला लावणारा अभ्यासक्रम आपल्याकडे आहे, ही मोठीच गोष्ट आहे.

म्हणूनच पुढचं बोलायला हवं. बंधारा होतो, अहवाल जमा होतो, गुण मिळतात, मुलं परत जातात. पाण्याची खरी ओढाताण सुरू होते ती मार्चनंतर. तेव्हा तो बंधारा पाहायला त्यांच्यातलं कोणीच नसतं. उन्हाने गोणी कधी विरली, पाणी कोणत्या आठवड्यात आटलं, खालच्या विहिरीला किती दिवस जास्त मिळाले, याची नोंद कोणाकडे असते?

या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी चिपळूण, खेड, संगमेश्वर, लांज्यातल्या डोंगरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. जांभा पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन कड्याकपारीतून सोडून देतो. नद्या आखूड आणि उताराच्या. त्यात धनगरवाड्या बहुतेक सड्यावर किंवा डोंगराच्या माथ्याकडे. बंधारा असतो खाली पऱ्यात. अडवलेल्या पाण्याचा फायदा खालच्या बागायतीला आणि विहिरींना होतो. वरच्या वाडीतली बाई डोईवर हंडा, कमरेला कळशी घेऊन तोच चढ चढते. तिच्यापुढचा प्रश्न चढाचा आहे. वरच्या अंगाला बारमाही झरा आहे का, तिथून पाणी उताराने आणता येईल का, नाहीतर सौर पंपाने किती उंची गाठता येईल आणि तो बिघडला तर वाडीतलं कोण दुरुस्त करील? विद्यार्थ्यांच्या हातात हा प्रश्न दिला पाहिजे.

दुरुस्तीवर माझा विशेष भर आहे. देशभर गावोगाव दिसणारा इंडिया मार्क टू हातपंप उभा राहिला तो सोलापूर पंपाच्या पायावर. तो पंप घडवला सोलापुरात राहून विहिरींची कामं करणाऱ्या एका स्वयंशिक्षित मेकॅनिकने. मोडलेले पंप त्याने हाताळले होते. याउलट दक्षिण आफ्रिकेतून निघालेला प्लेपंप: मुलं चक्रावर खेळतील आणि पाणी वर चढेल, अशी कल्पना. जगभर कौतुक झालं, मोठा पैसा आला. मुलं सतत खेळत नाहीत, मग बायकांनाच ते अवजड चक्र फिरवावं लागलं, आणि बिघडल्यावर दुरुस्तीला माणूस मिळेना.

आपल्याकडे चांगला धडाही आहे. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी कर्जत तालुक्यात पाड्यापाड्यावर जाऊन नळयोजना का बंद पडतात ते पाहिलं आणि त्यावरून अनेक गावांच्या एकत्रित योजनेचा आराखडा केला. नवं यंत्र शोधण्याइतकंच हे मोलाचं आहे. 2016 पासून उन्नत महाराष्ट्र अभियानातून राज्यातल्या इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही अशा कामाची वाट मोकळी झाली आहे.

माझं मागणं साधं आहे. प्रकल्पाचे निम्मे गुण मे महिन्यासाठी राखून ठेवा. त्या महिन्यात पाणवठ्यावर जाऊन मोजणी व्हावी, आणि पाणी भरणाऱ्या बायकांचं मत गुणपत्रिकेत यावं. कृषिदूतांची नवी तुकडी जुलैच्या सुमारास गावात येते. तिला त्याच वाडीची मागच्या तुकडीची नोंदवही हातात मिळावी. दरवर्षी नवं गाव देण्यापेक्षा एकाच वाडीला पाच वर्षं धरून राहा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं, आणि ते विद्यापीठाच्या हातात आहे.