तवशाचे बी आणि निलगिरीचे तेल

मागच्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवण्यापेक्षा वाचकांपुढे ठेवलेली बरी. कदाचित त्यामुळे कुणाच्या घरचे बी वाचेल.

अम्मी लग्नानंतर माहेरहून तवशाचे बी घेऊन आली, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. तेव्हापासून दर मृगात आमच्या परसात त्याचे वेल मांडवावर चढतात. तिची पद्धत ठरलेली. एक तवसे वेलावरच पिकू द्यायचे, बी धुऊन सावलीत सुकवायचे, राखेत घोळवायचे आणि फडक्यात बांधून ठेवायचे. त्या वर्षी पुरचुंडीला मुंग्या आणि झुरळे लागली. आम्ही पडलो शिकलेली माणसे! निलगिरीचे तेल हा किड्यामुंग्यांवरचा नैसर्गिक उपाय, असे मोबाईलवर वाचले होते. सगळे बी काचेच्या बरणीत भरले, कापसाच्या बोळ्यावर चमचाभर तेल ओतून तो आत ठेवला आणि झाकण घट्ट लावले. अम्मीला म्हटले, "आता बेफिकीर राहा. नैसर्गिक आहे, काही होत नाही."

मुंग्या आल्या नाहीत, हे खरे. पण मृगात पेरलेल्या आळ्यांतून एकही कोंब वर आला नाही. दुसऱ्यांदा पेरले, तरी तेच. अम्मीने बोटाने माती उकरून पाहिली. बी होते तसेच पडून होते. ती काही बोलली नाही, हात धुऊन आत गेली. ते न बोलणे आम्हाला फार लागले.

दोष तेलाचा की आणखी कशाचा, हे पाहावे म्हणून आम्ही सातवीच्या वर्गात एक साधा प्रयोग केला. दोन ताटल्यांत ओला कापूस पसरला, प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे ठेवले आणि दोन्हींवर काचेची भांडी उपडी घातली. एका भांड्याखाली बाटलीच्या झाकणात निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब ठेवले. तेल दाण्यांना कुठेही लागले नव्हते. चौथ्या दिवशी पहिल्या ताटलीत अठरा दाण्यांना लांब मोड आले होते. दुसऱ्या ताटलीत फक्त तिघांनी तोंड उघडले होते, तेही जेमतेम. एका मुलीने विचारले, "टीचर, तेल तर लांब होते. मग दाण्यांना कळले कसे?"

कळले ते वाफेमुळे. निलगिरी, ओवा, लवंग, पुदिना, कापूर यांचा वास आपल्याला येतो, तो त्यांतले तेल हवेत उडते म्हणून. निलगिरीच्या तेलात सिनिओल नावाचे द्रव्य सर्वाधिक असते, ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल. ही द्रव्ये झाडाच्या फार कामाची आहेत. किडे आणि बुरशी यांपासून ती झाडाचे रक्षण करतात. ती पुरेशा प्रमाणात बियांपर्यंत पोहोचली, तर कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशींची वाढ अडते, श्वसन बिघडते आणि कोंब खुंटतो.

१९६४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉर्नेलियस मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. तिथल्या डोंगरउतारांवर साल्व्हिया नावाची सुवासिक झुडपे वाढतात आणि त्यांच्याभोवती मीटर-दोन मीटर जमीन गवतावाचून उघडी राहते. झुडपांतून उडणाऱ्या सिनिओल आणि कापरामुळे गवत उगवत नाही, असे त्यांनी दाखवले. पुढे इतर संशोधकांनी सांगितले की झुडपांच्या आडोशाला राहणारे उंदीर, ससे आणि पक्षीही तिथले गवत व बी खातात, म्हणजे सगळे श्रेय वासाला देता येणार नाही. पण वासात ती ताकद आहे, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

माणसाने ही ताकद वापरलीही आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात शेतकरी बटाट्यांच्या साठ्यात मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या वनस्पतीच्या फांद्या ठेवत आले आहेत. त्याने कीड दूर राहते आणि मोडही लवकर फुटत नाहीत. नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात शहाजिऱ्यातले कार्व्होन साठवलेल्या बटाट्यांचे मोड रोखण्यासाठी बाजारात आले. म्हणजे खायच्या बटाट्याला जे हवे, तेच पेरायच्या बियाला नको. औषध तेच, जागा चुकली की नुकसान.

बरणीत उरलेल्या वीस बिया आम्ही चार दिवस मोकळ्या हवेत ठेवल्या आणि मग ओल्या फडक्यात बांधल्या. दोनच उगवल्या, आणि त्यांची मुळेही वाढली नाहीत. तेव्हा मात्र आम्ही अम्मीसमोर बसून सरळ माफी मागितली. ती म्हणाली, "खालाकडे असेल की. दरवर्षी मूठभर देते मी तिला." ही मूठभर देवाणघेवाण आम्हाला आजवर बायकांची हौस वाटत होती! खालाने एसटीने येणाऱ्या भाच्याबरोबर पुरचुंडी पाठवली. आठवड्याच्या आत त्याच आळ्यांत कोंब दिसले. मांडव उशिरा भरला, पण भरला.

तेव्हा वाचकहो, पेरायचे बी पूर्ण सुकवून, कोरड्या डब्यात, राखेत ठेवावे. त्याच्याजवळ कापूर, डांबराच्या गोळ्या किंवा वासाची तेले ठेवू नयेत. कुंडीतल्या रोपांवर असे तेल निव्वळ शिंपडू नये. आणि निलगिरीच्या तेलाची बाटली व कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास दोन्ही विषारी ठरतात. "नैसर्गिक" हा शब्द ऐकून सावधपणा सोडायचा नसतो, हे आम्ही आता वर्गातही सांगतो.

यंदा अम्मीने तीन पुरचुंड्या बांधल्या. एक घरी ठेवली, एक खालाला दिली आणि तिसरी आमच्या हाती देऊन म्हणाली, "ही शाळेत ने. त्या मेथीवाल्या मुलीला दे."