मिस्त्रीचा कान

जुनी मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करायला काढू नये, असे मला चौघांनी बजावले होते. चौघेही शिकलेसवरलेले. त्यांचा सल्ला खरा ठरला. पण त्यामागची त्यांची कारणे साफ खोटी होती. माझे भांडण त्या कारणांशी आहे.

ते म्हणाले, यंत्र म्हातारे झाले, भंगारात घाला. हे यंत्र म्हणजे माझ्या वडिलांची १९६८ सालची जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होत. १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. याच गाडीवर आईला मागे बसवून वडील जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला जात. यंदा मे महिन्याच्या सुटीत, खानदेशी उन्हात, मी ती ओसरीवर खोलली.

तीन वेळा कार्बोरेटर धुतला. प्लग बदलला. पॉइंट घासून त्यांची फट बसवली. तरी इंजिन सुरू झाले की आपोआप चढत जाई आणि मूठ सोडली की ठप्प! फोनवर पाहावे तो प्रत्येक पंडित वेगळा उपाय छातीठोकपणे सांगे. पंधराव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुमच्या कादंबरीसारखंच झालं हे. सगळं खोलून ठेवलं, आता जोडता येईना."

शेवटी गाडी टेम्पोत घालून धुळ्याला नेली. तिथे वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी पाना हातात घेतला नाही. किक मारायला सांगितली, मान खाली घालून क्षणभर ऐकले आणि म्हणाले, "मास्तर, तुमले वाचता येस, पन आयकता येत नही."

मग त्यांनी समजावून सांगितले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी खाली क्रँकच्या पेटीत येते, तिथून वर सिलिंडरमध्ये चढते. क्रँकच्या टोकाचे रबरी सील कडक झाले, की तिथून बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, इंजिन उधळते आणि तापते. कार्बोरेटर बिचारा निर्दोष! त्यांनी डायनमो उतरवला. मागचे सील शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे कडक झाले होते. नवे बसवले आणि इंजिन संथ चालू लागले.

या माणसाला आज एकही शिष्य नाही. कसा असेल? अभ्यासात मागे पडणाऱ्या पोराला आम्ही मास्तर मंडळी काय म्हणतो? "शिक, नाहीतर गॅरेजवर पाने उचलशील." हे वाक्य मी स्वतः वर्गात कितीदा बोललो, त्याचा हिशेब नाही. त्या दिवशी मिस्त्रींच्या दारात ते माझ्याच कानात वाजत होते. गाडीचे भाग मिळत नाहीत म्हणून आपण कारखान्याला बोल लावतो. पण गाडी जाणणारा माणूस मिळत नाही, याचा दोष कोणाला?

सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती रोज वापरायला मनाई! चेसिस मूळचे हवे, इंजिन मूळचे हवे. ठीक आहे. पण त्या इंजिनाचा आवाज ओळखणारा कान राखण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे? धनिक मंडळी गाडी चकचकीत करून प्रदर्शनात उभी करतात आणि तिच्याशेजारी फोटो काढून घेतात. मिस्त्री त्या फोटोत नसतो.

जुने जतन करणे खानदेशाला शिकवावे लागत नाही. राजवाड्यांची कागदपत्रे जपण्यासाठी धुळ्याने १९२७ साली संशोधन मंडळ उभारले. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. पण त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले आणि महाराष्ट्र थक्क झाला. टिपल्या नसत्या तर? निरक्षराचे ज्ञान हे ज्ञानच असते, एवढे त्या वहीने सिद्ध केले. मग मिस्त्रीची वही कोण लिहिणार? आम्ही लेखक एकमेकांच्या पुस्तकांवर लिहिण्यात गढलेले!

माझ्यापुरते मी ठरवले आहे. वर्गात ते वाक्य पुन्हा उच्चारायचे नाही. दिवाळीनंतर दर रविवारी वही घेऊन धुळ्याला जायचे. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, वही राहू द्या, आधी हात काळे करा.

मी दोन्ही करणार आहे. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, उमेदवार म्हणून.