गावठी कट्ट्याचा माग का लागत नाही?

जुन्या जालन्यात उद्या पोलिसांना एखादं पिस्तूल सापडलं, तर पहिला प्रश्न असेल: ते आलं कुठून?

नियम काय?
संयुक्त राष्ट्रांनी २००१ मध्ये छोट्या शस्त्रांच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध कृती कार्यक्रम स्वीकारला. माग काढण्याचे नियम २००५ मध्ये ठरले. शस्त्रावर उत्पादक, देश आणि क्रमांक कोरायचा, नोंदी जपायच्या, दुसऱ्या देशानं विचारलं की माहिती द्यायची. भारतही या व्यवस्थेत आहे.

मग अडतं कुठे?
गावठी कट्ट्याची कुठेच नोंद नसते. त्यावर क्रमांक नसतो. कधी ‘मेड इन यूएसए’ असा खोटा शिक्का मात्र असतो. महाराष्ट्रात येणाऱ्या अशा शस्त्रांचं एक मोठं केंद्र म्हणजे उमर्टी. हे गाव मध्य प्रदेशात, जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे छापा टाकून शस्त्रं बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या.

उपाय काय?
इथे देशांपेक्षा दोन राज्यांच्या पोलिसांचं सहकार्य जास्त कामाचं. त्यामुळे जप्तीची बातमी वाचताना कट्टा कोणाकडे सापडला एवढंच पाहू नका. विकणारा आणि बनवणारा पकडला गेला का, तेही पाहा.