बाळंतिणीचें न बोलतां सोसणें

बाळ अंगावर घेतलें कीं डोळ्यांत पाणी यावें इतकी आग स्तनाग्रांना होत असतां, सासू-जावांनी भरलेल्या घरांत त्याविषयीं चकार शब्दही न काढणाऱ्या सुना शिरूर अनंतपाळसारख्या गांवीं काय किंवा पुण्या-मुंबईस काय, आजही थोड्या नाहींत. कोणी धीर करून बोललीच, तर ‘पहिलटकरणीला एवढें व्हायचेंच’ असें उत्तर मिळतें. पहिले कांहीं दिवस थोडें हुळहुळतें हें खरें. परंतु चिरा पडणें, रक्त येणें, पाजण्याची वेळ आली कीं धडकी भरणें, हें स्वाभाविक नव्हे. मग पाजणें लांबतें, दूध साकळतें, आणि ‘हिला दूधच पुरत नाहीं’ असा निवाडा होऊन घरांत बाटली येते.

याचें कारण बहुधा अगदीं साधें असतें : बाळानें नुसतें बोंडच तोंडांत धरलेलें असतें. वास्तविक बोंडाभोंवतालच्या काळसर वर्तुळाचा बराचसा भाग, विशेषतः खालचा, त्याच्या तोंडांत गेला पाहिजे. मातेनें पाठीला टेकण घेऊन बसावें. स्वतः वाकूं नये, बाळाला जवळ आणावें. त्याचें पोट आपल्या पोटाशीं, आणि डोकें व पाठ एका रेषेंत असावी. बोंड त्याच्या वरच्या ओठाला लावून, जांभई दिल्यासारखें तोंड तें उघडीपर्यंत थांबावें व मग चटकन् जवळ घ्यावें. हनुवटी स्तनाला टेकलेली व खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला म्हणजे पकड साधली. तरीही दुखलें, तर ओढून काढूं नये. स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यांतून आंत घालून बाळाला सोडवावें व पुनः लावावें. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाच्या चित्रफितींत ही रीत दाखविलेली आहे. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनींही ती पाहावी.

चिरांना साबण लावूं नये. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळूं द्यावे. बाळाच्या जिभेवर पुसून न जाणारे पांढरे चट्टे असतील किंवा जीभ खालीं बांधल्यासारखी वाटत असेल, तर दोघांनाही डॉक्टरांस दाखवावें.

दूध साकळून स्तन दगडासारखे झाल्यास पाजण्यापूर्वीं थोडा वेळ कोमट शेक द्यावा, हातानें थोडें दूध काढून स्तन मऊ करावा, आणि पाजल्यावर गार पाण्याची घडी ठेवावी. जोरजोरानें रगडण्याची आपल्याकडील चाल मात्र सोडावी. तिनें सूज वाढते. ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल झाला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पाजणें मात्र थांबवूं नये. त्या दुधानें बाळाला अपाय होत नाहीं.

चीक पिळून टाकणें व मध चाटविणें हेंही नको. मध वर्षाच्या आंत धोक्याचा. लातूरकडच्या उन्हाळ्यांतही सहा महिन्यांपर्यंत वरचें पाणी लागत नाहीं, कारण आईच्या दुधांत सुमारें 87 टक्के पाणीच असतें.

या दुधाचें मोल जाणून मुंबईच्या सायन रुग्णालयांत 1989 सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी काढली. इतकें दूरचें साहाय्य बहुतेकींना लागत नाहीं. रुग्णालयांत बाळंतपण झालें असल्यास आशा कार्यकर्ती 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशीं घरीं येते. त्या वेळीं सासूबाईंनीं पुरुषमंडळींना बाहेर बसवून सुनेला तिच्यासमोर मोकळेपणें पाजूं द्यावें.