वेशीवरचा वेसकर आणि गेटवरचा फौजी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी. सकाळच्या पाळीला कोणत्याही कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहा. ट्रकचे नंबर रजिस्टरमध्ये लिहिणारा, मालकाची गाडी दिसताच ताठ होऊन सॅल्यूट ठोकणारा माणूस पुष्कळदा माजी सैनिक असतो. कोल्हापूर जिल्ह्याला फौजी नवा नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हा माणूस गेटवरच का? गेटच्या आत का नाही?

आमच्या परिचयाचे एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांची सगळी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत गेली. आज ते एका कारखान्यात एजन्सीमार्फत रखवालदार आहेत, बारा तासांची ड्युटी. एकदा कारखान्याचा जनरेटर बंद पडला. कंपनीने बाहेरून मिस्त्री बोलावला. हवालदारांनी त्याचे नाव रजिस्टरात लिहिले आणि गेट उघडून दिले. तुम्ही का नाही गेलात, असे आम्ही विचारले तर म्हणाले, "दादा, आपलं काम गेटवरचं. आत कशाला शिरायचं?"

हे वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. वेसकर गावाची वेस राखायचा, परक्या माणसावर नजर ठेवायचा. पण त्याची वस्ती मात्र गावाबाहेर. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याच गुलामीतून सुटका व्हावी म्हणून. आज गेटवर उभे असलेले सगळेच फौजी आपल्या समाजाचे नाहीत; त्यात मराठा आहेत, धनगर आहेत, मुस्लिम आहेत. पण माणसाला काय येते हे न विचारता तो कोण आहे यावरून त्याचे काम ठरवायचे, ही रीत जातिव्यवस्थेचीच आहे. ती आता एमआयडीसीत खाकी घालून उभी आहे.

आमचेच काही मित्र म्हणतात की, सैनिकांचा प्रश्न राष्ट्रवाद्यांचा, आपण त्यात का पडायचे? त्यांना आम्ही दोन गोष्टींची आठवण करून देतो.

पहिली, सुभेदार रामजी सकपाळांची. लष्करी शाळेत मुख्याध्यापक असलेला हा माणूस निवृत्तीनंतर खटाव तालुक्यातल्या गोरेगावात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल झाला. शिकवण्याचा आणि हिशेबाचा अनुभव मोजला गेला, म्हणून हातात पैशाची पेटी आली. मात्र त्याच रामजींना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमरावाला 1901 मध्ये मसूर ते गोरेगाव या वाटेवर कोणी पाणी दिले नाही. नोकरीने पोट भरले, जात सुटली नाही. सैनिकाचे पुनर्वसन म्हणजे नुसता पगार नव्हे, हे यातून शिकायचे.

दुसरी, 1945 सालची. महायुद्ध संपत आले, लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांना नागरी कामधंदा मिळावा म्हणून जुलै 1945 मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे उभे राहिले. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ही केंद्रे सर्व बेरोजगारांसाठी खुली झाली ती 1948 मध्ये. म्हणजे ज्या कचेरीत आपल्या पोरांनी नावे नोंदवली, तिची सुरुवात सैनिकासाठी झाली होती. हा प्रश्न आपला नाही तर कोणाचा?

आज काय आहे? महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांवर माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क साठी 10 टक्के आहे. मॅट्रिक होऊन 15 वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला केंद्राच्या गट क मध्ये पदवीची अट असलेल्या पदांसाठीही पात्र धरतात. पण सरकारी जागाच आटत चालल्या आहेत, आणि खासगी कंपनीच्या दारात यातले काहीच चालत नाही. तिथे संगणक 'पदवीधर नाही' म्हणून अर्ज बाहेर फेकतो. ज्या भिंतीवर आपला सुशिक्षित तरुण आपटतो, त्याच भिंतीवर फौजीही आपटतो.

मग कंपन्या दोन युक्तिवाद करतात. पहिला, "आम्ही सीएसआरमधून मदत करतो." 2013 च्या कंपनी कायद्यात माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठीचा खर्च सीएसआरमध्ये धरता येतो, हे खरे. पण देणगीचा धनादेश आणि नेमणूकपत्र यांत फरक आहे. देणगी दिली की फोटो निघतो, नेमणूक दिली की माणूस बरोबरीने शेजारी बसतो. दुसरा युक्तिवाद अधिक हलकट आहे, "त्यांना पेन्शन असते, कमी पगारात चालते." पगार कामाचा असतो. मालकाला घरभाडे मिळते म्हणून कोणी त्याच्या मालाचा भाव पाडून मागत नाही.

आणि आता अग्निवीर येणार आहेत. 2022 च्या योजनेनुसार चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार, बाकीचे सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिली तुकडी 2023 च्या आरंभी प्रशिक्षणाला गेली. जून 2022 मध्ये आनंद महिंद्रांसह बड्या उद्योगपतींनी अग्निवीरांना संधी देऊ असे जाहीर केले होते. कोणत्या पदावर, हे त्यांनी आता सांगावे. पंचविशीतल्या पोरांनाही शिटी आणि काठीच देणार असाल तर ती संधी नव्हे.

कंपन्यांकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. फौजेतला ट्रेड वाचायला शिका: वाहनदुरुस्ती केलेल्याला मेंटेनन्समध्ये, साठा सांभाळलेल्याला स्टोअर्समध्ये, पलटणीत माणसे चालवलेल्याला सुपरवायझर म्हणून घ्या. 15 वर्षांच्या सेवेला पदवीऐवजी मान्यता द्या. निवृत्तीच्या आधीच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मुलाखती घ्या, पहिले सहा महिने पगारी प्रशिक्षण द्या. जो रखवालीच पसंत करतो त्याला कंपनीच्या पटावर घ्या, आठ तासांची पाळी द्या. आणि दरवर्षी जाहीर करा: किती माजी सैनिक घेतले, कोणत्या पदावर, कोणत्या सामाजिक प्रवर्गातले. हा शेवटचा आकडा बाहेर आला की कळेल, आत कोण गेले आणि गेटवर कोण राहिले.

हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरचाच इतिहास पाहावा. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी पैसे देऊन हॉटेल काढायला लावले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायले. भांडवल दिले आणि बरोबरीची वागणूकही दिली. 26 जुलै 1902 ला 50 टक्के जागा राखून ठेवणाऱ्या या नगरीतल्या कारखानदारांना शाहूंची तसबीर कचेरीत लावायला आवडते.

तसबीर राहू द्या. गेटवरच्या हवालदाराला आत बोलवा, खुर्ची द्या आणि विचारा, "तुम्हाला काय काय येतं?"

जय भीम! जय शाहू! जय संविधान!