पावसातही मैदान उघडं ठेवा

पनवेलला पाऊस लागला की मैदानाला कुलूप आणि पोरांच्या हातात मोबाईल. पीटीचा मास्तर म्हणून निवृत्त झालो, तरी हे बघवत नाही. क्रिकेटला चिखल चालत नाही, मान्य, रग्बीला चालतो. लहानांच्या टॅग रग्बीत तर धडकही नाही, कमरेची पट्टी खेचली की झालं. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागच्यालाच द्यायचा. एकट्या हिरोचं फार चालत नाही. (हिरोच्या बापाचंही!) सात-सातांची रग्बी 2016पासून ऑलिंपिकमध्ये आहे, पहिली रग्बी प्रीमियर लीग 2025च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, मुंबईतच झाली. मोठेपणीची पकड कबड्डीच्या रायगडात कुणाला शिकवावी लागेल? शाळांनो, क्लबांनो, यंदा मुलांचे सामने लावा. शिट्टी वाजवायला मी येतो.