चौदा हजार पौंडांचा उंबरठा

अमेरिकेत नवी मोटार घ्यायला गेलेला माणूस काचेवर चिकटवलेल्या कागदावर एक आकडा हमखास पाहतो. गॅलनमागे गाडी किती मैल जाते, हा तो आकडा. पण भारासह कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या पिकअप ट्रकवर हा आकडा छापण्याची कायद्याने सक्ती नाही, आणि म्हणून तो नसतोच. सर्वात जास्त इंधन पिणाऱ्या गाडीबद्दलच ग्राहकाला सर्वात कमी सांगायचे, असा हा उफराटा न्याय. या वर्गाच्या वरच्या टोकाला आहे 'ड्युअली', म्हणजे मागच्या आसाला प्रत्येक बाजूस दोन अशी चार चाके असलेला पिकअप. जड ट्रेलर ओढण्यासाठी तो घेतात. त्यांतला कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर मोटारीचा वाटतो. थोडे खोलात गेले की तो कर, आयातशुल्क आणि परवान्यांचा होऊन बसतो.

घोडे व गुरे नेणारे शेतकरी, खोदाईची यंत्रे हलवणारे छोटे कंत्राटदार, स्वतःच्या गाडीवर भाड्याचा माल पोचवणारे 'हॉटशॉट' चालक आणि चाकांवरचे घर घेऊन देशभर हिंडणारी निवृत्त जोडपी, असा या गाडीचा गिऱ्हाईकवर्ग आहे. डिझेल इंजिनाच्या, बऱ्यापैकी सुखसोयींच्या ड्युअलीला ऐंशी हजार डॉलर सहज पडतात. घराखालोखाल आयुष्यातली ही सर्वात मोठी खरेदी.

निवड मात्र तीनच घराण्यांत करायची. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम. जपानी कंपन्या या वर्गात नाहीत. त्याचे एक कारण कोंबड्यांपर्यंत जाते. १९६० च्या दशकाच्या आरंभी युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जबर शुल्क लावले. त्याला उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी आयात ट्रकवर २५ टक्के शुल्क बसवले आणि १९६४ पासून ते लागू झाले. कोंबड्यांचे भांडण लोक कधीच विसरले, शुल्क राहिले.

आता जाहिरातींकडे वळू. २०२३ च्या मॉडेलांत फोर्डने एफ-४५० साठी ४०,००० पौंड, रॅमने ३५०० साठी सुमारे ३७,००० आणि शेव्हरोलेने सिल्व्हेराडो ३५०० साठी ३६,००० पौंड ओढण्याचा दावा केला. चाळीस हजार पौंड म्हणजे अठरा टन! पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. आता 'जे२८०७' नावाची समान कसोटी आहे. तीत ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या लांबलचक चढावर, ऐन उन्हाळ्याच्या तापमानात, वातानुकूलन चालू ठेवून ट्रेलर ओढावा लागतो. चढावर ड्युअलीचा वेग ताशी ३५ मैलांखाली जाता कामा नये. आकडे खोटे नाहीत. पण हे विक्रम एकेरी कॅबिनच्या, फक्त मागच्या चाकांना गती मिळणाऱ्या साध्या गाडीने केलेले असतात. कुटुंब घेते ती चार दारांची, चारही बाजूंना गती मिळणारी आणि चामड्याच्या आसनांची गाडी. तिचे स्वतःचेच वजन इतके की विक्रमातला वाटा आधीच खाल्लेला.

टेक्सासमधल्या माझ्या एका मराठी स्नेह्यांनी निवृत्तीनंतर असे चाकांवरचे घर घ्यायचे ठरवले आणि कोणता ट्रक घ्यावा म्हणून मला विचारले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सामानासह घराचे वजन १६,००० पौंड धरले. या प्रकारच्या ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा भार ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणजे ३,२००. जोडणीचा लोखंडी सांगाडा, दोन माणसे, हत्यारे आणि किरकोळ सामान धरून बेरीज चार हजारांवर गेली. खालच्या वर्गाचा, मागे दोनच चाकांचा डिझेल ट्रक 'वीस हजार पौंड ओढतो' असे विक्रेता छातीठोकपणे सांगत होता. ते खरेही होते. पण त्या गाडीचे भारासह कमाल वजन १०,००० पौंडांवर बांधलेले असते आणि डिझेल इंजिनासह गाडीच साडेसात हजारांच्या आसपास भरते. पाठीवर घ्यायला उरतात दोन-अडीच हजार! हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छोट्या स्टिकरवर लिहिलेला असतो. जाहिरातीत तो क्वचितच दिसतो. माझ्या मते सगळ्या खरेदीत हाच आकडा आधी वाचावा.

गंमत अशी की तो वाचला तर मोठ्या नंबराचा ट्रकच नेहमी सरस ठरत नाही. एफ-४५० पिकअप आणि एफ-३५० ड्युअली या दोघांची भारासह मर्यादा १४,००० पौंडच. एफ-४५० स्वतः अधिक जड, म्हणून ओढते जास्त पण पाठीवर घेते कमी.

जोडचाकांचा खरा उपयोग कळतो तो वाऱ्यात आणि उतारावर. मागचा एक टायर फुटला तरी शेजारचा भार धरून ठेवतो. बाजूने वारा आला तर रुंद बैठकीमुळे ट्रेलर गाडीला हिंदकळवत नाही. कोलोरॅडोत आयसेनहॉवर बोगद्याच्या ११,००० फुटांवरून डेन्व्हरकडे उतरताना मागे सात टनांचे घर असेल, तर चढण्याच्या ताकदीपेक्षा थांबण्याची ताकद मोलाची असते. तेथे डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक चाकांचे ब्रेक तापू न देता वेग आवरतो. डिझेलसाठी सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजायचे ते याकरिता. वर्षातून दोनदा सपाट प्रदेशात बोट ओढणाऱ्याने ते मोजू नयेत, आणि सहा टायरांचा खर्चही अंगावर घेऊ नये.

डिझेलला दुसरीही बाजू आहे. रॅमला इंजिने पुरवणाऱ्या कमिन्स कंपनीवर उत्सर्जन-नियंत्रण चुकवणारी व्यवस्था बसवल्याचा आरोप झाला. २०१३ ते २०१९ या मॉडेलवर्षांतल्या सुमारे ६,३०,००० गाड्यांचा तो मामला होता. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने १६७.५ कोटी डॉलर दंडाची तडजोड मान्य केली. जुना ट्रक घेणाऱ्याने त्याची ही दुरुस्ती झाली आहे की नाही, हे विचारायलाच हवे.

२०२५ च्या जुलैत झालेल्या नव्या करकायद्याने गुंता वाढवला. खासगी वापराच्या नव्या गाडीच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत वजावट मिळू लागली. अट अशी की अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली असावी आणि भारासह वजन १४,००० पौंडांपेक्षा कमी असावे. बहुतेक ड्युअली नेमक्या १४,००० वर बांधलेल्या असतात! म्हणजे सुरक्षितपणे ओढू शकणारी गाडी घेणारा निवृत्त गृहस्थ बाहेर, आणि हलकी गाडी घेऊन तिच्यावर जास्त लादणारा आत. उलट हीच ड्युअली धंद्यासाठी घेतली तर कंत्राटदाराला पहिल्याच वर्षी सगळी किंमत घसारा म्हणून दाखवता येते. कायदा करणाऱ्यांना हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. पेन्शनरांची बाजू मांडायला तिथे कोणी नसावे, एवढेच. रॅमचे जड ट्रक मेक्सिकोत साल्तिओ येथे बनतात. त्यामुळे त्यांना वजन कमी असले तरी ही सवलत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून या वर्गाच्या आयात ट्रकवर नवे २५ टक्के शुल्क आले. उत्तर अमेरिकी करारात बसणाऱ्या गाड्यांना ते केवळ अमेरिकेबाहेरच्या भागांपुरते.

माझ्या स्नेह्यांना मी एफ-३५० किंवा सिल्व्हेराडो, जी जवळच्या कार्यशाळेत दुरुस्त होईल ती घ्या म्हटले. दोघींत उरलेला फरक इतका नाही की त्यासाठी झोप घालवावी. पण ट्रक आणि घर यांची कमाल वजने मिळून २६,००० पौंडांच्या वर जातात व ट्रेलर दहा हजारांवर, त्यामुळे टेक्सासमध्ये त्यांना अ-वर्गाचा बिगरव्यापारी परवाना लागणार होता. विक्रेत्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या परवान्याची रस्त्यावरची परीक्षा त्याच वर्गाची गाडी आणि ट्रेलर आणून द्यावी लागते, आणि ती गाडी उमेदवारानेच मिळवायची असते.